पहिल्या घरातली जाग

मामंजींना जाऊन अख्खा उन्हाळा उलटला होता, आणि त्या सोमवारीही ते नेहमीच्या वेळेला उठले. पलंगाजवळ हालचाल, मग न्हाणीघर, मग स्वयंपाकघर, मग दार. ऑफिसातल्या संगणकाच्या पडद्यावर चार ठिपके एकामागून एक उमटलेले काकूंनी पाहिले आणि तोंडाशी नेलेला चहाचा कप तसाच खाली ठेवला. नजरचुकीने दुसऱ्या कुणाची ओळ वाचली असेल म्हणून त्यांनी चष्मा पुसून पुन्हा बघितलं. ओळ तीच होती. घर पहिलं. आणि पहिलं घर म्हणजे त्यांच्या सासऱ्यांचं घर. त्या घराला कुलूप होतं आणि किल्ली काकूंच्याच पर्समध्ये होती.

खरं तर त्या ओळीशी त्यांची गाठ पडायलाच नको होती. पण असली कामं पाण्यासारखी असतात, उतार दिसला की तिकडे वाहतात. आणि त्या ऑफिसातला उतार म्हणजे काकू. पंचविशीतल्या पोरींपासून साठीला टेकलेल्या मोठ्या बाईंपर्यंत सगळे त्यांना काकूच म्हणत. मोठ्या बाई म्हणजे प्रकल्पाच्या संचालक. त्यांना वरून निरोप आला होता की प्रकल्प पुढे चालवायचा असेल तर माहितीचा आराखडा लिहून द्या. कोणती साधनं वापरता, कोणती माहिती गोळा करता, ती कुठे ठेवता, कोण उघडू शकतं, तिच्यात काय फेरफार करता, आणि कधी पुसून टाकता. मोठ्या बाईंनी तो निरोप काकूंच्या टेबलावर सरकवला आणि म्हणाल्या, तुमचं अक्षर चांगलं आहे. आराखडा टाइप करून द्यायचा होता, ही गोष्ट वेगळी.

प्रकल्पाचं नाव ‘जाग’. एकटी राहणारी म्हातारी माणसं आणि लांब राहणारी त्यांची मुलंबाळं, यांच्यासाठी. घरात काडेपेटीएवढ्या चार डब्या लावायच्या: पलंगाशी, न्हाणीघरात, स्वयंपाकघरात, दारापाशी. डबीसमोरून माणूस गेलं की डबी निरोप पाठवते. सकाळी असे दोन-तीन निरोप आले की मुलाच्या किंवा मुलीच्या फोनवर हिरवा ठिपका. म्हणजे आई उठली, घरात जाग आहे. ठिपका करडाच राहिला तर फोन करा, शेजाऱ्यांना उठवा, धावा. काकू इथे लागल्या त्या घरोघर जाऊन ‘आजी, यात कॅमेरा नाही, तुम्ही पदर पाडून बसा नाहीतर पाय पसरून, कुणाला काही दिसत नाही’ हे पटवायला. पुढचं सगळं त्या इकडेतिकडे विचारत, चुकत, पुन्हा करत शिकल्या.

आराखडा लिहायला बसल्यावर कळलं की झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात ते काही खोटं नाही. प्रकल्पाच्या मुख्य खात्याचा पासवर्ड म्हणजे इंजिनियरच्या जुन्या मोटारसायकलचा नंबर होता. धोक्याच्या सूचना ज्या मुलीच्या पत्त्यावर जात, ती लग्न होऊन केव्हाच निघून गेली होती. सगळ्या माहितीची दुसरी प्रत इंजिनियरच्या घरच्या कपाटात होती आणि कपाटाची किल्ली त्याच्या आईकडे. पण पहिला प्रश्न साधा होता, घरं किती? मोठ्या बाई एक आकडा सांगत, पडदा एक घर जास्त दाखवत होता. ते जास्तीचं घर कोणतं, हे बघायला काकू गेल्या आणि तिथे त्यांना मामंजी भेटले.

*

सुरुवातीला डब्या कुणी घरात लावूच देईना, तेव्हा काकूंनी घरचाच बकरा पुढे केला होता. मामंजी तेव्हा ऐंशीच्या घरात, छापखान्यात खिळे जुळवण्यात जन्म गेलेला, तोंडाने फटकळ. ‘मी काय चोर आहे का, पाळत ठेवायला?’ म्हणाले, आणि लावून घेतल्या. मग अंघोळ झाली की ओला टॉवेल मुद्दाम न्हाणीघरातल्या डबीवर टाकायचे. पलंगाजवळच्या डबीवर टोपी. स्वयंपाकघरातलीवर काय हाताला येईल ते. त्याआधी काका, म्हणजे काकूंचे यजमान, रोज सकाळी चष्म्याचं दुकान उघडण्यापूर्वी वडिलांना फोन करत. ठिपका आला तसा तो फोन बंद झाला. बरं झालं, रोज उठून ‘झोप लागली का’ आणि ‘पोट साफ झालं का’, मामंजी म्हणाले होते; पण पुढचे बरेच दिवस ते सकाळी फोन मांडीवर घेऊन बसलेले शेजारणीने पाहिले होते.

उन्हाळा सुरू होता होता एक दिवस काकांनी सकाळी फोन पाहिला, हिरवा ठिपका पाहिला, दुकान उघडलं. संध्याकाळी वडिलांचा नवा चष्मा द्यायला गेले तर दार उघडेना. कुलूपवाल्याला बोलावून आत गेले. पलंगाच्या खोलीतून स्वयंपाकघराकडे जाणाऱ्या बोळात मामंजी पडलेले होते. डॉक्टर म्हणाले, बरेच तास झालेत. मग सगळ्यांनी मिळून जुळवलं. ठिपका सकाळी हिरवा होता म्हणजे बाबा उठले, तोंड धुतलं, स्वयंपाकघरात जाऊन आले, आणि मग केव्हातरी एका क्षणात. चालत्या पायांनी गेले. कुणाकडून काही करून घेतलं नाही. काका त्या एका वाक्यावर जगत होते. काकूंना ते माहीत होतं, कारण रात्री झोपेत कूस बदलताना ते कधीकधी तेच पुटपुटत.

*

दुपारच्या सुट्टीत काकू त्या घरी गेल्या. कुलूप कुरकुरलं. आत कोंदट, बंद पेटीसारखा वास. ऊन पडद्याच्या कडेने आत आलेलं आणि त्यात धूळ तरंगत होती. कुणी नुकतंच चालून गेल्यावर तरंगते तशी, असं काकूंच्या मनात आलं आणि आल्याबरोबर त्यांनी ते झटकलं. दार उघडल्यामुळे, दुसरं काय. तरीपण उंबऱ्यावरूनच त्यांच्या तोंडून गेलं, ‘मामंजी?’

स्वयंपाकघरातल्या नळाखाली भांडं पालथं घातलेलं होतं, ते त्यांनीच घातलेलं. बोळातून जाताना त्यांनी अंग चोरलं, जणू तिथे कुणी पाय पसरून बसलं आहे. पलंगाची गादी गुंडाळलेली. पलंगाशेजारची डबी भिंतीवर होती, पण तिचा बारीक दिवा लागत नव्हता. काकूंनी ती उघडली. आतली बॅटरी फुगून पांढरी भुकटी बाहेर आली होती. चारही डब्यांची तीच गत. त्या प्रत्येक डबीसमोरून जाऊन आल्या, हात हलवला, एकदा तर न्हाणीघरात उगाच उडी मारली. मग बराच वेळ पलंगाजवळ नुसत्या उभ्या राहिल्या.

ऑफिसात परतल्यावर त्यांनी पहिल्या घराची ओळ उघडली. दाराशी कुणी आलं-गेल्याची खूण नव्हती. न्हाणीघरात कुणी उड्या मारल्याची खूण नव्हती. फक्त पलंगापाशी, काकू उभ्या होत्या त्या वेळेला, मामंजींनी दुपारच्या झोपेत कूस बदलली होती.

म्हणजे त्या घटकेला त्या खोलीत कोण होतं असं कुणी विचारलं असतं, तर प्रकल्पाचं उत्तर तयार होतं. मामंजी होते. काकू तिथे नव्हत्याच.

*

इंजिनियरला सगळे होईलकर म्हणत, कारण कुठलंही काम सांगा, तो ‘होईल’ म्हणे. माणूस सरळ, तिशीतला, डोक्याने तल्लख आणि स्वभावाने मऊ. त्याने ओळ वर-खाली करून पाहिली आणि त्याचा चेहरा पडला.

‘काकू, हे गाळलेल्या जागा चाललंय.’

गाळलेल्या जागा हे त्याने लिहिलेल्या एका साधनाचं नाव. शाळेच्या पेपरात पहिला प्रश्न असतो ना, गाळलेल्या जागा भरा, तसं. डबीचा निरोप आला नाही तर ते साधन त्या घराच्या मागच्या काही आठवड्यांकडे बघतं, या वेळेला हे माणूस साधारण काय करतं ते काढतं, आणि तिथे तेच भरून टाकतं. ठिपका हिरवा राहतो. बाकीच्या घरांत ते एका दिवसापुरतंच भरतं, दुसऱ्या दिवशी ठिपका करडा होऊ देतं. पहिलं घर चाचणीचं. तिथे ती मर्यादा काढून टाकलेली होती. मामंजी गेल्यावर होईलकरने काकांच्या फोनवरून ते घर पुसलं, पण साठ्यातून नाही. चाचणीचं घर घरांच्या यादीत कधी नव्हतंच, मग पुसायचं कुणाच्या लक्षात येणार.

‘तात्पुरतं होतं ना काकू ते,’ तो म्हणाला. आणि थोड्या वेळाने, अगदी हळू, ‘तुम्हीच म्हणाला होतात.’

म्हणाल्या होत्या. मामंजींच्या टॉवेलपायी ठिपका करडा व्हायचा आणि काका दुकान उघडं टाकून धावत सुटायचे. जाऊन बघावं तर म्हातारबा शब्दकोडं सोडवत बसलेले. काकांचा रक्तदाब वाढला, गोळी सुरू झाली. तेव्हा काकूंनी होईलकरला गाठून सांगितलं होतं, अरे, डबी गप्प झाली म्हणजे माणूस गप्प झालं असं नसतं, काहीतरी कर बाबा. तो म्हणाला होता, होईल. आणि झालं.

काकूंना पुढचा प्रश्न विचारायला वेळ लागला. 

‘मग त्या दिवशी सकाळी?’

होईलकरला आधी कळलं नाही. कळलं तेव्हा त्याने त्यांच्याकडे न बघता खुर्ची पुढे ओढली. भरलेली माहिती बाजूला करून डबीकडून खरोखर आलेले निरोप वेगळे काढावे लागले. बाकीच्या घरांत हे शक्यच नव्हतं. तिथे भरलेलं आणि आलेलं एकाच भांड्यात ओतलेलं होतं, दूध कुठलं आणि पाणी कुठलं सांगता येऊ नये असं. पहिल्या घराचं मात्र, चाचणीचं म्हणून, वेगळं राहिलं होतं.

शेवटचा खरा निरोप आदल्या संध्याकाळचा होता, स्वयंपाकघरातला. त्यानंतर काका आत येईपर्यंत काही नाही. डब्या चालू होत्या, बॅटऱ्या ठीक होत्या, कशावर टॉवेल नव्हता. त्या सकाळचा पलंग, न्हाणीघर, स्वयंपाकघर, दार, चारही ठिपके भरलेले होते.

‘म्हणजे रात्रभर?’ काकूंनी विचारलं. ‘का सकाळी? का संध्याकाळीच?’

‘बोळ कुठल्याच डबीला दिसत नाही,’ होईलकर म्हणाला. ‘आणि डबीला चाललेलं कळतं काकू. पडलेलं कळत नाही.’

*

त्याने विचारलं, बंद करू? काकू म्हणाल्या, दोन दिवस थांब. का, ते त्यांना सांगता आलं नसतं. बंद करायचं म्हणजे का बंद केलं ते सांगायचं, आणि ते सांगायचं म्हणजे घरी जाऊन नवऱ्याच्या हातातली काठी काढून घ्यायची.

ते दोन दिवस लांबत गेले. काकू ऑफिसात आल्या की पर्स ठेवायच्या आधी पहिल्या घराची ओळ उघडत. मामंजी उठलेले असत. न्हाणीघर, स्वयंपाकघर, दार. दुपारी कूस बदलत. संध्याकाळी पुन्हा दाराशी येऊन जात. वाईट याचं की काकूंना त्याचं बरं वाटायला लागलं. एकदा ओळ उघडायला उशीर झाला तर त्यांना चुकल्यासारखं झालं. घरी भाजी चिरताना मागे सपाता घासत गेल्याचा आवाज येई, आणि त्या मान वळवत नसत. स्वतःच्या घरातल्या बोळातूनही त्या भिंतीला धरून चालू लागल्या होत्या. काकांनी विचारलं, पाय दुखतोय का? त्या हो म्हणाल्या. मग काकांनी गुडघ्याचं मलम आणून दिलं, आणि न दुखणाऱ्या गुडघ्याला ते चोळत बसताना काकूंना आपलीच लाज वाटली.

काका दुकानात येणाऱ्याजाणाऱ्याला वडिलांची सकाळ सांगत. सांगता सांगता तिच्यात भर पडत होती. आधी नुसते उठले होते. मग तोंड धुतलं. आता त्यांनी खिडकी उघडली होती, आणि चहाचं आधण ठेवायला म्हणून निघाले होते. खिडकी बंद होती, हे काकूंनी स्वतः पाहिलं होतं. त्या काउंटरच्या या बाजूला उभ्या राहून ऐकत आणि चष्म्यांच्या फ्रेमा उगाच पुसत. गिऱ्हाईक म्हणे, पुण्यवान हो तुमचे वडील. काका खाली बघून हसत.

शेवटी काकूंनी मोठ्या बाईंना सांगितलं. मोठ्या बाईंनी सगळं ऐकलं, त्यांचा रंग उतरला, मग त्या सावरल्या. आराखड्यात व्यवस्था लिहायची असते काकू, भुतं नाही, असं म्हणाल्या. ‘काही नोंदी अंदाजाने भरल्या जातात’ एवढं एक वाक्य घाला, पुरे. खोटं नाही ना ते? बाकीच्या घरांत तर एकाच दिवसाचा प्रश्न आहे.

‘मोठ्या बाई,’ काकू म्हणाल्या, ‘आमचे मामंजी त्या एका दिवसातच गेले.’

मोठ्या बाईंनी आराखड्याचा कागद पुन्हा पुढे ओढला. त्यांची स्वतःची आई दुसऱ्या गावी एकटी होती, आणि तिच्या भिंतीवरही चार डब्या होत्या. मग त्या म्हणाल्या, लिहा. सगळं लिहा. आणि आठवण करून दिली की आराखड्याची प्रत प्रत्येक घराच्या माणसांना जाणार आहे, पहिल्या घराच्यासुद्धा. ‘त्यांना कागदावरून कळायला नको काकू. आधी घरी सांगा.’

*

सांगण्याआधी काकूंनी एकच गोष्ट केली. मामंजींचे खरे निरोप आणि आताचे भरलेले निरोप त्यांनी एकाखाली एक लावून पाहिले.

खरे मामंजी उठत तेव्हा एकदा न्हाणीघरात जात, परत येत, पुन्हा जात. स्वयंपाकघरात गेले की गॅस बंद केला की नाही म्हणून आणखी दोन खेपा. कडी लावली का ते बघायला दाराशी येरझारा. एखाद्या सकाळी काहीच नाही. बहुधा आदल्या दिवशी काकूंशी वाजलेलं असे, आणि अंथरुणातूनच रुसवा चाले. आणि मध्येमध्ये कोऱ्या पट्ट्या, टॉवेलच्या, टोपीच्या. भरलेले मामंजी मात्र एकदाच उठत, एकदाच न्हाणीघरात जात, एकदाच दाराशी. रोज त्याच मिनिटाला. आठवड्यागणिक आणखी नीट, आणखी गुळगुळीत. इतक्या शहाण्यासारखे मामंजी उभ्या जन्मात वागले नव्हते.

असं का, त्यांनी होईलकरला विचारलं. तो म्हणाला, साधन मागचे आठवडे बघून भरतं. आता मागचे आठवडेही त्यानेच भरलेले आहेत.

‘म्हणजे स्वतःचंच उष्टं खातंय,’ काकू म्हणाल्या.

त्या दिवसापासून त्यांना त्या ओळीची भीती वाटेनाशी झाली, पण बरंही वाटेनासं झालं. तिथे रोज कुणीतरी उठत होतं हे खरं. ते कोण, हे त्यांना आता सांगता येत नव्हतं. मामंजींचे कपडे घालून कुणी परका त्या घरात वावरत होता, आणि दिवसेंदिवस त्याचा चेहरा पुसट होत चालला होता.

*

दुपारी दुकानात गर्दी नसते. काका काउंटरमागे एका फ्रेमचा बारीक स्क्रू बसवत होते. काकू समोरच्या गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसल्या आणि मनात ठरवलेलं सगळं विसरून, जसं आलं तसं बोलल्या. टॉवेलपासून सुरुवात केली. रक्तदाबाची गोळी सांगितली. गाळलेल्या जागा सांगितल्या. काकांचा हात थांबला नाही. स्क्रू बसला, त्यांनी काडी उघडमीट करून पाहिली, फ्रेम कापडाने पुसून पेटीत ठेवली.

‘म्हणजे तो हिरवा ठिपका?’

‘आमचा होता,’ काकू म्हणाल्या. ‘बाबांचा नव्हता.’

‘तुला माहीत होतं?’

‘नव्हतं. या महिन्यात कळलं. पण ते साधन मागितलं होतं मीच.’

काकांनी पेटीचं झाकण लावलं. ते इतके शांत होते की काकूंना वाटलं, नीट कळलं नसेल, पुन्हा सांगावं लागणार. तेवढ्यात रोजचे एक आजोबा चष्म्याची दोरी मागायला आत आले. काकांनी दोरी दाखवली, काळी की तपकिरी विचारलं, स्वतः बांधून दिली. आजोबांनी आरशात मान फिरवून बघितलं, आणि जाता जाता म्हणाले की आता एकच मागणं आहे देवाजवळ, तुमच्या वडिलांसारखं मरण यावं.

‘हं,’ काका म्हणाले.

आजोबा पायरी उतरून गेले. मग काकांनी विचारलं, ‘सकाळी जिवंत होते का ते? मी फोन बघितला तेव्हा?’

काकूंच्या जिभेवर उत्तर तयार होतं. नाही हो, आदल्या संध्याकाळीच, एका क्षणात, त्यांना कळलंसुद्धा नसेल. किती सोपं होतं ते. मागचे पुढचे दिवस बघून काढता येण्यासारखं, जागेवर चपखल बसणारं, आणि माणसाला त्या रात्री झोप देणारं. त्यांनी तोंड उघडलं, मिटलं.

‘माहीत नाही.’

‘डॉक्टर काय म्हणाले होते?’

‘बरेच तास.’

‘बरेच म्हणजे किती?’

‘माहीत नाही हो. कुणालाच माहीत नाही. आता कळायचं पण नाही.’

काकांनी मान डोलावली, जणू गिऱ्हाइकाने तक्त्यावरचं अक्षर बरोबर वाचलं होतं. मग ते उठले आणि दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढून घेतलं. काकू अजून आत आहेत, हे त्यांच्या लक्षात आलं नसावं. काकू अर्ध्या अंधारात स्टुलावर बसून राहिल्या.

*

दुसऱ्या दिवशी होईलकरने साधन बंद केलं. आधी सगळ्या घरांचं. मग पहिल्या घरापाशी थांबून त्याने विचारलं, करू? मामंजी त्या वेळी दाराशी होते. काकू म्हणाल्या, कर. पडद्यावर अख्खा उन्हाळा एका झटक्यात पांढरा झाला. शेवटच्या संध्याकाळपर्यंत खेपा, येरझारा, रुसवे, टॉवेल. आणि पुढे त्यांचं काही नाही.

त्या आठवड्यात प्रकल्पाचे फोन तापले. जिकडेतिकडे करडे ठिपके. लेकी रडत, जावई ओरडत, एका सुनेने तर पैसे परत मागितले. पैसे कधी घेतलेच नव्हते, तरी. काकू सगळ्यांना एकच सांगत: ठिपका राहू दे, आधी फोन करून आजींशी बोला. एका आजोबांनी उलटी तक्रार केली, की मुलगा हल्ली रोज सकाळी फोन करतो आणि बोलायला तर त्याच्याकडे काही नसतं. मोठ्या बाई रोज सकाळी दार लावून आईशी बोलायच्या. बाहेर ऐकू येई ते बहुतेक भांडणच असे. आराखड्यात काकूंनी लिहिलं की न आलेला निरोप कोराच ठेवला जाईल आणि कोरा म्हणूनच दाखवला जाईल. ते का, हेही लिहिलं. पहिल्या घरापुढे लिहिलं, मृत्यूची वेळ: माहीत नाही. मोठ्या बाईंनी एक शब्द न बदलता सही केली.

काका घरी बोलत नव्हते असं नाही. मीठ दे म्हणत, वीज गेली म्हणत. दोषाचा एक शब्द त्यांनी काढला नाही, आणि काढला असता तर बरं, असं काकूंना वाटे. दुकानात वडिलांची सकाळ सांगणं थांबलं होतं. कुणी विषय काढलाच तर ते म्हणत, हो, गेले. आराखड्याची प्रत घरी आली ती त्यांनी पूर्ण वाचली आणि सही करून परत दिली. रात्री आता ते झोपेत काही पुटपुटत नव्हते, जागेच असत. काकूही जाग्याच असत, आणि दोघंही एकमेकांना आपण झोपलोय असं समजू देत.

असे किती दिवस गेले कोण जाणे. एका सकाळी काका न्याहारीला बसले होते, काकू ओट्याशी पाठमोऱ्या होत्या.

‘तुला काय वाटतं?’ काकांनी विचारलं.

कशाबद्दल, हे विचारायची गरज नव्हती. ‘सांगितलं ना. माहीत नाही.’

‘ते आराखड्यातलं. तुला काय वाटतं, ते विचारतोय.’

काकूंनी हात पुसले, तरी वळल्या नाहीत. ‘मला रोज वेगळं वाटतं,’ त्या म्हणाल्या.

मागे खुर्ची किंचित सरकल्याचा आवाज आला. ‘मलापण,’ काका म्हणाले. आणि जरा थांबून, ‘आज काय वाटतंय?’

मग काकूंनी सांगितलं. आज वाटतंय की संध्याकाळी पाणी प्यायला म्हणून स्वयंपाकघरात गेले, येताना बोळात तोल गेला, आणि काही कळायच्या आत संपलं. काल वाटलं होतं की त्यांनी हाक मारली. परवा वाटलं होतं की रात्रभर शुद्धीत होते, आणि भिंतीवरच्या डबीला शिव्या घालत होते. हे सांगताना त्यांना हसू आलं आणि पुढचं बोलता येईना.

काका बशीकडे बघत ऐकत होते. ‘शिव्या घातल्याच असणार,’ ते म्हणाले. बशी थोडी बाजूला सारली. मग म्हणाले, ‘आज मला वाटतंय, सकाळपर्यंत होते. माझा फोन येईल म्हणून वाट बघत.’

असं नसेल हो, हे काकूंच्या अगदी ओठांवर आलं. त्या ते बोलल्या नाहीत. गॅस बंद केला, दुसरी खुर्ची ओढली आणि त्यांच्या शेजारी, गुडघ्याला गुडघा लागेल अशा बसल्या. चहा निवत होता. काकांनी अर्धा आपल्या कपात घेतला, अर्धा त्यांच्याकडे सरकवला.

‘उद्या पुन्हा विचारीन,’ ते म्हणाले.

‘विचारा,’ काकू म्हणाल्या.